तिसऱ्या ओळीतला ठिपका

सर्जनचा फोन आला तो शनिवारी दुपारी, आणि तेव्हापासून डॉक्टरचं कशात म्हणून लक्ष लागेना.

सर्जन तिचाच जुना विद्यार्थी. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं रुग्णालय होतं. आवाजात नेहमीची अदब होती, पण थोडा गोंधळही होता. "मॅडम, तुमच्या थोरल्या बहीण, अक्का, येऊन गेल्या. सोमवारी दाखल होते म्हणाल्या. दोन्ही अंडाशयं काढून टाका, वाट कसली बघायची, असं म्हणाल्या. रिपोर्ट मागितला तर छापील वंशावळीचा कागद पुढे केला, हाच माझा रिपोर्ट म्हणून. मला मूळ प्रत लागेल हो. उद्यापर्यंत पाठवाल का?"

"बघते," डॉक्टर म्हणाली आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडली. 'बघते' हा शब्द रुग्णाशी बोलताना वापरायचा नाही, हे तिनं या विद्यार्थ्यासकट पाच तुकड्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

रिपोर्ट होता. तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कुलपात, नऊ वर्षांपासून. आणि तो स्वच्छ होता. अक्काला काहीही झालेलं नव्हतं, होण्याची भीतीही चारचौघींपेक्षा जास्त नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी बाई स्वतःच्या पायांनी चालत जाऊन धडधाकट पोट उघडून घ्यायला निघाली होती.

त्या वंशावळीतला दोषाचा ठिपका अक्काचा नव्हताच. तो चिमणीचा होता.

आता ही चिमणी चव्वेचाळीस वर्षांची, गाडी शिकवायची शाळा चालवणारी, रस्त्यात ट्रकवाल्याशी भांडून त्याला मागे घ्यायला लावणारी बाई. पण चार भावंडांत सगळ्यांत धाकटी, आई गेली तेव्हा अकरा वर्षांची, अक्कानं वाढवलेली. घरात तिचं दुसरं नाव कुणाला आठवायचं नाही. आईच्या घराण्यातून अंडाशयाच्या कर्करोगाचा जो दोष उतरत आला, मावशीला आणि मग आईला घेऊन गेला, तो चौघांपैकी फक्त तिच्या रक्तात होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक डॉक्टर, आणि दुसरा ज्यानं रक्त तपासलं तो प्रयोगशाळेतला माणूस, ज्याला ते फक्त आकड्यानं माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरनं सगळ्या भावंडांचं रक्त घेतलं तेव्हा प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता. त्यावर दोन रकाने: 'मला निकाल कळवावा' आणि 'मला निकाल कळवू नये'. हा कागद तिनं स्वतः तयार केला होता आणि त्याच्यासाठी रुग्णालयाच्या नीतिसमितीपुढे तीन वर्षं भांडली होती. लोक म्हणत, फार काटेकोर बाई. काटेकोरपणा कुठून आला ते घरच्यांना ठाऊक होतं. आई आजारी पडली तेव्हा ही सत्तावीस वर्षांची, त्याच रुग्णालयात शिकाऊ. वडिलांनी आणि मोठ्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं, आईला सांगायचं नाही. आई सात महिने विचारत राहिली, "मला काय झालंय गं? तू तरी सांग." आणि ही सात महिने सांगत राहिली, "अल्सर आहे." शेवटच्या आठवड्यात आईनं विचारणं सोडलं. हिच्याशी बोलणंही सोडलं. ते तिला आजतागायत पचलेलं नाही. त्यानंतर तिनं आयुष्यभर एकच नियम पाळला: जो विचारील त्याला खरं सांगायचं, आणि ज्याला नको आहे त्याच्यावर लादायचं नाही.

भाऊनं 'कळवावा'वर खूण केली. त्याला कळलं, तो मोकळा निघाला, त्यानं त्या दिवशी प्रेसमधल्या सगळ्यांना सुट्टी दिली. अक्का म्हणाली, "मला ना मूल ना बाळ, कळून करायचंय काय?" आणि 'नये'वर खूण केली. चिमणीनं पेन हातात घेऊन बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं होतं. तिची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. "मला नको सांगूस, ताई," ती म्हणाली होती. "मला कळलं ना, तर मी चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून देईन."

डॉक्टरनं शब्द पाळला. पाळता पाळता एक पळवाटही काढली. संशोधनात रक्त दिलेल्या सगळ्या बहिणींनी दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचंच असतं, असा नियम तिनं मनानंच ठोकून दिला, आणि एकट्या चिमणीला बोलावलं तर संशय येईल म्हणून अक्कालाही फरफटत आणलं. तपासणीनं हा रोग वेळेवर सापडेलच असं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? खरा उपाय म्हणजे ते अवयव वेळेत काढून टाकणं. पण ते सुचवायचं तर आधी कारण सांगायला हवं. नऊ वर्षं दर सहा महिन्यांनी चिमणी टेबलावर आडवी होऊन गप्पा मारायची आणि डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत श्वास रोखून धरायची.

आणि आता हा ठिपका.

या रोगाच्या मागावर ती एकतीस वर्षं लोकांच्या घरोघर गेली होती. ओट्यावर, जिन्यात, जागा मिळेल तिथे बसकण मारून पेन्सिलीनं वंशावळ काढायची. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. रोगानं गेलेला काळा भरायचा. रोग नाही पण दोष आहे, त्याच्या पोटात ठिपका. असली त्रेचाळीस कुटुंबं तिच्या प्रसिद्ध लेखात होती. सतरावं कुटुंब स्वतःचं, हे तिनं समितीला लेखी कळवलं होतं आणि जगाला कळवलं नव्हतं. छापताना कुणाची ओळख पटू नये म्हणून आकृतीत थोडे फेरफार करायची पद्धत असते. बाकीच्या बेचाळीस घरांत तिनं नीट फेरफार केले. स्वतःच्या घराला हात लावताना मात्र तिचा हात अडला. आईच्या काळ्या गोलाची जागा हलवावी, जुळ्या मामांना वेगळं करावं, हे तिच्यानं होईना. शेवटी तिनं एवढंच केलं, तिसऱ्या ओळीतला ठिपका शेवटच्या गोलातून काढून पहिल्या गोलात ठेवला. परक्याला काय कळणार आहे, असा विचार केला. लेख घरातलंच कुणी वाचेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. घरातल्या कुणी आजवर तिचा एकही लेख वाचला नव्हता.

पण ती निवृत्त होणार म्हणून विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचा घाट घातला. लेखांची भाषांतरं केली. आणि छापायला दिला भाऊच्याच प्रेसकडे.

---

रविवारी प्रेसला सुट्टी. शटर अर्धं वर होतं. डॉक्टर वाकून आत शिरली तेव्हा कागद कापायच्या मोठ्या टेबलावर प्रुफं पसरलेली होती आणि चिमणी सोडून घरातले सगळे भोवती बसलेले होते. ग्रंथात कुठले फोटो घालायचे ते ठरवायला सगळ्यांना बोलावलं होतं, पण फोटोंचा डबा कुणी उघडलेला नव्हता.

"ये," भाऊ म्हणाला. चष्मा कपाळावर, बोटांना शाई. तिच्याकडे न बघता त्यानं खुर्ची सरकवली.

अक्का ताठ बसली होती. पस्तीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला टेकून बसणं ठाऊक नसतं. मांडीवर रुग्णालयाची फाइल. निवृत्तीनंतर भाऊची प्रुफं तीच वाचायची, त्यामुळे बारा दिवसांपूर्वी ते पान पहिल्यांदा तिच्याच हातात पडलं. तिनं भाऊला दाखवलं, भाऊनं बायकोला सांगितलं, वहिनीच्या पोटात राहिलं चार दिवस आणि गुरुवारी ते चिमणीपर्यंत पोचलं. ज्या घरात कर्करोगाची डॉक्टर होती, त्या घरात ही बातमी तिलाच सगळ्यांच्या शेवटी कळली होती, तीही परक्याकडून.

"वन्सं, चहा," वहिनीनं कप पुढे ठेवला. "एक बोलू का? रागावू नका. अक्कांना तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"तिनं कागद लिहून घेतलाय," भाऊ मध्येच म्हणाला.

"कागद! तुमचं आपलं सगळं कागदावर. सख्खी बहीण आहे, अहो."

"तुला काय जातंय बोलायला? आपण सुटलो ना!"

"सुटलो म्हणून बोलायचं नाही का?" वहिनीचा आवाज चढला. "सुटल्यापासून या घरात मला तोंड उघडायची चोरी झालीय. हसले तर म्हणतात हिचं काय जातंय, रडले तर म्हणतात हिला काय कळतंय."

"पुरे," अक्का म्हणाली. "मीच नको म्हटलं होतं. तिनं ऐकलं. त्यात तिचा काय दोष? आता कळलंय तर उपाय करते आहे. सोमवारी दाखल, मंगळवारी ऑपरेशन, आठवड्यात घरी. ग्रंथाच्या समारंभाला मी पहिल्या रांगेत असेन."

डॉक्टरनं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. काय करायचं ते तिनं रात्रभर उलटसुलट करून पाहिलं होतं. गप्प बसावं तर अक्काचं पोट विनाकारण फाडलं जाणार. अक्काला सांगावं की तू मोकळी, तर उरतो कोण? भाऊ मोकळा आहे हे जगजाहीर. तिचं स्वतःचं काय ते ती आजवर बोलली नव्हती, पण ती मोकळी आहे हे तिच्या चेहऱ्यावरून आज ना उद्या कळलंच असतं. ठिपका एक आणि बहिणी तीन. एकीला सोडवलं की दुसरी अडकत होती.

तेवढ्यात बाहेर शिकाऊंसाठीची दोन ब्रेकांची गाडी करकचून थांबली आणि चिमणी शटरखालून आत आली. येताच अक्काच्या गळ्यात पडली.

"अक्का, अगं, तू सोमवारी जाणार? मी येते तुझ्याजवळ राहायला. शाळा बंद ठेवते आठवडाभर. शिकू देत लोकांना आपापलं!" ती रडत होती आणि मध्येच हसत होती. मग डोळे पुसून तिनं डॉक्टरकडे मोर्चा वळवला. "आणि तू! नऊ वर्षं! अक्काच्या पोटात बॉम्ब आहे हे तुला ठाऊक होतं आणि तू तिच्याबरोबर बसून जेवत होतीस? जेवण जात कसं होतं तुला?"

"जात नव्हतं," डॉक्टर म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? एखाद्याला नको असेल कळायला, पण जीव वाचणार असेल तर सांगायला नको? मी असते ना तुझ्या जागी, तर खुशाल शब्द मोडला असता. सरळ सांगून मोकळी झाले असते."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. हे चिमणी अक्काच्या वतीनं बोलत होती. तेच ती स्वतःच्या वतीनं बोलली असती तर? पण तसं ती बोललेली नव्हती, आणि दुसऱ्यासाठी काढलेला शब्द तिच्याच गळ्यात अडकवणं डॉक्टरला जमेना.

"आणि हो," चिमणी आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगायचंय. मला वाईट वाटतंय असं म्हणायला, अक्काचं हे असताना. पण आता माझी ती सहा महिन्यांची वरात बंद. बुधवारची वेळ दुसऱ्या कुणाला तरी दे. माझा गोल कोरा आहे, बघितलाय मी. गुरुवारी वहिनीनं सांगितलं ना, तर मी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास नुसती बसून राहिले. पोरीला फोन केला. तिला काही बोलले नाही, नुसतं विचारलं, जेवलीस का? नऊ वर्षांत पहिल्यांदा मला झोप लागली, ताई. लाज वाटते सांगायला."

डॉक्टरनं कप बाजूला सारला. ती उठली. "अक्का, जरा इकडे ये."

"जे बोलायचं ते इथे बोल."

"अक्का."

त्या एका शब्दात काहीतरी असावं. अक्का फाइल घेऊनच उठली.

---

मागच्या खोलीत कोऱ्या कागदांच्या थप्प्या छातीएवढ्या उंच होत्या. दोघी त्यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. खिडकीच्या गजांमधून शेजारच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचे पाइप दिसत होते.

"उद्या तू दाखल व्हायचं नाहीस," डॉक्टर म्हणाली.

"का?"

"मला विचार."

"काय विचारू?"

"तुझा निकाल. तुझ्या तोंडून विचार, म्हणजे मला सांगता येईल. तुझा हक्क आहे तो. विचार, अक्का."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं तिनं समोर उभ्या केलेल्या पोरांचे चेहरे वाचले होते. कुणी काच फोडली, कुणी कॉपी केली, आणि कोण दुसऱ्याचं नाव पोटात ठेवून उभा आहे, हे तिला न विचारता कळायचं. तिची नजर बहिणीच्या चेहऱ्यावरून हलली, दाराकडे गेली. दारापलीकडे चिमणी वहिनीला कुठल्याशा शिकाऊ ड्रायव्हरची नक्कल करून दाखवत होती आणि वहिनी नको नको म्हणत हसत होती.

अक्का एका थप्पीवर टेकली. आयुष्यात कधी न टेकलेली बाई टेकली.

"मी विचारलं तर तू सांगशील," ती हळू म्हणाली.

"हो."

"मग मी विचारत नाही."

"अक्का!"

"ओरडू नकोस."

"धडधाकट पोट उघडून घेणार तू? या वयात? भूल द्यायची, टाके घालायचे, रक्तदाब आहे तुला, तो सर्जन आजच माझ्याकडे रिपोर्ट मागतोय—"

"त्याला काय सांगायचं ते मी बघते. घराण्यात दोघी गेल्या, मला भीती वाटते, काढून टाका, असं म्हटलं की काढतात. चौकशी केलीय मी." अक्कानं फाइल छातीशी धरली. "माझं ऑपरेशन झालं की प्रश्न मिटला. ठिपका कुणाचा, तर अक्काचा. पुढे कुणी विचारणार नाही. तिनं तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती ना? कळू देऊ नकोस म्हणून?"

"नऊ वर्षांपूर्वी मागितली होती."

"आज झोप लागायला लागलीय तिला. ऐकलंस ना?"

"ती तपासणी बंद करतेय!"

"मी आणीन. कान धरून आणीन दर सहा महिन्यांनी."

"तपासणी पुरत नाही, अक्का." डॉक्टरचा आवाज फाटला. "मला विचार ना, मी किती बायका बघितल्यात. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या, सगळं स्वच्छ, आणि सातव्या महिन्यात पोट फुगून आलेल्या. मावशी पन्नासाव्या वर्षी गेली, आई बावन्नाव्या. वेळ नाहीये. तुझं पोट कापून तिचं वाचणार असतं तर मी स्वतः कापलं असतं."

दोघींनी अजून एकदाही नाव घेतलं नव्हतं. अक्काचे डोळे भरून आले, पण तिनं हनुवटी वर उचलली. "आईच्या वेळी मी शेजारच्या खोलीत असायचे. तू खोटं बोलायचीस ते मला ऐकू यायचं. मी कधी मध्ये पडले नाही. आज मी खोटं बोलते, तू मध्ये पडू नकोस."

डॉक्टरला तिचा संताप आला आणि त्याच क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती बाहेर आली.

---

"ते पान दाखव," ती भाऊला म्हणाली.

भाऊनं प्रूफ पुढे सरकवलं. सतरावं कुटुंब. वरच्या ओळीत आजी-आजोबा, मधल्या ओळीत एका टोकातून फुटलेल्या दोन रेघा आणि त्यांना लटकलेले जुळे मामा, शेजारी दोन काळे गोल. खालच्या ओळीत चौघं. गोल, गोल, चौकोन, गोल. पहिल्याच्या पोटात ठिपका.

"मामांवरून ओळखलं मी," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा होता आणि थोडा अभिमानही. "म्हटलं जुळे मामा, पुढे दोघी बहिणी गेलेल्या, खाली तिसऱ्या जागी मुलगा. हा चौकोन म्हणजे आपण. सगळं तंतोतंत जुळलं."

डॉक्टरनं आकृतीच्या खाली बोट ठेवलं. "इथे एक ओळ होती."

"होती की. बारीक अक्षरातली. एक ओळ पुढच्या पानावर जात होती, त्यापायी सगळी मांडणी हलत होती. काढून टाकली."

"काढून टाकलीस?"

"अगं, आकृतीखालच्या टिपा वाचतंय कोण?"

तिनं त्याच्या खिशातलं लाल पेन घेतलं. अक्का मागच्या दारात येऊन उभी होती. "डॉक्टर," ती म्हणाली, शाळेतल्या आवाजात. डॉक्टरनं मान वर केली नाही. इतका वेळ तिला वाटत होतं, गप्प राहण्याचा तरी मार्ग शिल्लक आहे. तो आता कुणाच्याही भल्याचा राहिला नव्हता. ती कुणाचं नाव सांगणार नव्हती. पण खोट्यावर कुणाला झोपूही देणार नव्हती. तिनं समासात ओळ लिहिली, खूण करून आकृतीखाली घातली आणि पान भाऊकडे सरकवलं.

भाऊ प्रूफ मोठ्यानं वाचतो. तीस वर्षांची सवय. "'ओळख लपवण्यासाठी या वंशावळीतील व्यक्तींच्या खुणा बदललेल्या आहेत,'" त्यानं वाचलं, आणि पूर्णविरामानंतर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

वहिनीनं ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे?" चिमणी म्हणाली. "खुणा बदललेल्या म्हणजे? ठिपका दुसरीकडे आहे?"

"आकृतीवरून काहीच ठरवता येणार नाही, एवढाच अर्थ," डॉक्टर म्हणाली. "जिला कळून घ्यायचंय तिनं मला विचारावं. एकटीनं. आज, उद्या, कधीही."

"पण ठिपका एकच आहे?"

"मी आणखी काही सांगणार नाही."

"तुझं काय? तुझं तरी सांग."

"माझंही नाही सांगणार."

चिमणीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. गुरुवारपासूनची झोप तिच्या तोंडावरून जाताना डॉक्टरनं पाहिली, आणि ती आपण घालवली हे तिला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात तिनं हजारो बायकांना वाईट बातमी दिली होती. खुर्ची जवळ घेऊन, डोळ्यांत बघून, एका वाक्यात, मग गप्प राहून. त्यातलं काही आज उपयोगाला येत नव्हतं.

"टीप असो नाहीतर नसो," अक्का पुढे आली. "ठिपका माझाच आहे. आत्ता आत मी विचारलं तिला. तिनं सांगितलं."

भाऊनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं प्रुफाकडे पाहिलं.

"खरं?" चिमणीनं विचारलं.

"खरं. मी काय गंमत करतेय? फाइल आहे हातात. विषय संपला. भाऊ, फोटोंचा डबा काढ, दुपार व्हायला आली."

चिमणी डब्याकडे वळली नाही. ती अक्काकडेच बघत राहिली. भाऊ डबा काढायला उठला होता, तो वहिनीनं हात धरला म्हणून परत बसला.

"अक्का," चिमणी म्हणाली, "तू आयुष्यात दोनदा खोटं बोललीस. मी परीक्षेला बसले नव्हते तेव्हा, आणि मी नवऱ्याबरोबर पळून गेले त्या दिवशी. दोन्ही वेळा बाबांशी. दोन्ही वेळा अशीच उभी होतीस, हातातली वस्तू छातीशी धरून."

अक्कानं फाइल खाली घ्यायला हवी होती. तिला ते सुचलं नाही. तिनं ती आणखी घट्ट धरली, आणि मग तिचा बांध फुटला. आई गेली तेव्हाही सगळ्यांना धीर देणारी ती बाई सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागली.

चिमणीनं डॉक्टरकडे वळून पाहिलं नाही. काही विचारलंही नाही. ती उठली, अक्काची बोटं एकेक करून सोडवली आणि फाइल काढून घेतली. उघडून पहिल्या पानावरची तारीख, वेळ, वॉर्ड सगळं शांतपणे वाचलं, नवशिक्याचा परवाना तपासावा तसं. मग पेन मागितलं. भाऊनं दिलं. तिनं अक्काच्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"सोमवारी सकाळी आठला ना?" तिचा आवाज फक्त शेवटच्या शब्दावर हलला. "मी जाते. पोरीला काय सांगायचं ते वाटेत ठरवू."

वहिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. भाऊनं चष्मा काढला.

नऊ वर्षं डॉक्टरनं जपलेला शब्द कुणी मोडला नव्हता, कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता फक्त एवढंच उरलं होतं की तिनं गप्प बसावं किंवा बोलावं. तिनं खुर्ची पुढे ओढली, चिमणीच्या इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

"सोमवारी नाही," ती म्हणाली. "तिकडे नाही. बुधवारी माझ्याकडे ये. आधी मी बघते."